रूळ आणि रस्ता : निखळलेला सांधा

एप्रिल २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत रुग्णालयांतील प्राणवायू संपत आला, तेव्हा देशापुढचा प्रश्न उत्पादनाइतकाच वाहतुकीचाही होता. द्रवरूप प्राणवायूचे मोठे साठे पूर्वेकडील पोलाद कारखान्यांत होते आणि त्याची निकड पश्चिमेस व उत्तरेस होती. १९ एप्रिलच्या रात्री नवी मुंबईतील कळंबोली येथून सात रिकामे टँकर सपाट वाघिणींवर चढवून एक गाडी विशाखापट्टणमकडे रवाना झाली. साडेअठराशे किलोमीटरहून अधिक अंतर तिने सुमारे पन्नास तासांत कापले. शंभर टनांहून अधिक प्राणवायू घेऊन ती परतली; तीन टँकर नागपुरात उतरले, उरलेले चार नाशिकला पोहोचले. पुढे अशा गाड्यांनी देशभर सुमारे ३५ हजार टन प्राणवायू वाहून नेला.

ही हकिगत बहुतेकांना ठाऊक आहे. तिच्या आधी जे घडले ते मात्र फारसे चर्चिले गेले नाही. रस्त्यावर धावणारे प्राणवायूचे टँकर अनेक आकारांचे असतात. बोगदे, रुळांवरून जाणारे पूल आणि विजेच्या तारा यांमुळे रेल्वेला उंचीची कठोर मर्यादा असते. कोणता टँकर कोणत्या वाघिणीवर सुरक्षित बसेल, याची मोजमापे त्या दिवसांत घाईघाईने घ्यावी लागली. अखेरीस १,२९० मिलिमीटर उंचीच्या वाघिणीवर ३,३२० मिलिमीटर उंचीचा एकच नमुना व्यवहार्य ठरला. त्यातही घाटातील उंचीच्या मर्यादेमुळे गाडीला जवळचा मार्ग सोडून वसई, सुरत, भुसावळ असा वळसा घ्यावा लागला.

रेल्वे कर्मचाऱ्यांनी त्या दिवसांत जे केले त्याला तोड नाही. तरीही प्रशासनात आयुष्य घालविलेल्या माणसाच्या मनात एक प्रश्न उरतोच. ज्या देशात १८५३ पासून आगगाडी आणि शतकभरापासून मालमोटार धावत आहे, त्या देशात ‘मालमोटार वाघिणीवर बसते का’ हा प्रश्न ऐन संकटात का सोडवावा लागला? त्याचे उत्तर तंत्रज्ञानात सापडणार नाही. रूळ आणि रस्ता यांना आपण एका वाहतूक व्यवस्थेचे दोन अवयव न मानता दोन प्रतिस्पर्धी खाती मानत आलो, हे त्याचे उत्तर आहे.

स्पर्धेचा वारसा

या मानसिकतेचा उगम ब्रिटिश काळात आहे. १९२७ साली बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली रस्तेविकास समिती नेमली गेली. रस्ते हा केवळ प्रांतांचा विषय नसून राष्ट्रीय हिताचा विषय आहे, अशी भूमिका या समितीने घेतली आणि तिच्या शिफारशीतून पेट्रोलवरील करावर आधारलेला केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. पाठोपाठ जागतिक मंदी आली. रेल्वेचे उत्पन्न घसरले आणि त्या घसरणीचे खापर मोटारींवर फुटू लागले. मिचेल आणि कर्कनेस या दोन अधिकाऱ्यांनी रेल्वे व रस्ते यांच्यातील स्पर्धेची पाहणी करून अहवाल दिला. १९३३ साली सिमल्यात त्यावर परिषद भरली. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने परवान्यांच्या मार्गाने मालमोटारींवर बंधने घातली. त्यामागच्या प्रेरणांपैकी रेल्वेचे संरक्षण ही एक ठळक प्रेरणा होती. त्या काळात ‘समन्वय’ हा शब्द सरकारी कागदांत वारंवार येतो. पण व्यवहारात त्याचा अर्थ एकाला आवर घालून दुसऱ्याला वाचविणे एवढाच होता.

याच काळात वेगळी वाटही चोखाळली जात होती. रुळांपासून दूर असलेल्या गावी रेल्वेची ‘आउट एजन्सी’ असे. तेथे कंत्राटदाराची मोटार आणि रेल्वेची गाडी मिळून एकच तिकीट किंवा मालाची एकच पावती मिळे. पहाडातल्या माणसाला माल पाठविताना रस्ता कोठे संपतो आणि रूळ कोठे सुरू होतात, याची काळजी करावी लागत नसे. हैदराबाद संस्थानात तर निजाम स्टेट रेल्वेनेच १९३२ साली २७ बसगाड्यांनिशी आपला रस्ते वाहतूक विभाग सुरू केला. आजच्या तेलंगण व आंध्र प्रदेशाच्या परिवहन महामंडळांची वंशावळ तेथपर्यंत पोहोचते. स्वातंत्र्यानंतर १९५० च्या कायद्याने राज्य परिवहन महामंडळे स्थापन झाली, तेव्हा त्यांच्या भांडवलात रेल्वेचाही वाटा ठेवण्यात आला. महाराष्ट्रातील एसटीही त्याला अपवाद नव्हती. रेल्वे आणि बस एकमेकांच्या भागीदार असाव्यात, हा विचार त्यामागे होता. भागभांडवल ताळेबंदात राहिले, विचार मात्र हरवला.

दरम्यान मालवाहतुकीचे चित्र उलटेपालटे झाले. १९५१ च्या सुमारास देशातील मालवाहतुकीचा नव्वद टक्क्यांच्या आसपास वाटा रेल्वेकडे होता. आज तो जेमतेम पाव हिश्शाच्या आसपास आहे. २०३० पर्यंत तो ४५ टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट राष्ट्रीय रेल्वे योजनेने ठेवले आहे. या घसरणीचे सगळे श्रेय मालमोटारींच्या चपळाईला देता येणार नाही. १९८० च्या दशकापासून रेल्वेने सुट्या वाघिणींचा व्यवहार आवरता घेऊन पूर्ण गाडीभर माल देणाऱ्या ग्राहकावर लक्ष केंद्रित केले. कोळसा, लोहखनिज, सिमेंट, धान्य यांच्यासाठी ते सोयीचे होते; आजही रेल्वेच्या मालात जवळपास निम्मा कोळसा आहे. पण दहा टन कांदा, आठ टन औषधे किंवा एक खोका सुटे भाग पाठविणाऱ्याला रेल्वेचे दार बंद झाले. तो रस्त्यावर आला आणि तेथेच राहिला.

कोकणातील धडा

या पार्श्वभूमीवर २६ जानेवारी १९९९ रोजी कोकण रेल्वेने कोलाड ते वेर्णा या ४१७ किलोमीटरच्या टप्प्यावर सुरू केलेली ‘रो-रो’ सेवा मला महत्त्वाची वाटते. ‘रोल ऑन, रोल ऑफ’ या इंग्रजी शब्दप्रयोगाचे हे लघुरूप. भरलेली मालमोटार स्वतःच्या चाकांवर रॅम्पवरून गाडीवर चढते, एकामागून एक वाघिणी ओलांडत आपल्या जागी जाते, चाकांना पाचर लावून साखळ्यांनी जखडली जाते आणि मुक्कामी पोहोचल्यावर तशीच उतरून रस्त्याला लागते. चालक आणि क्लीनर आपल्याच केबिनमध्ये बसून प्रवास करतात. यारी लागत नाही, हमाल लागत नाहीत, मालाला हात लावावा लागत नाही. पुढे ही सेवा कर्नाटकातील सुरतकलपर्यंत गेली आणि एकूण पल्ला ७२१ किलोमीटरचा झाला.

ती कोकणातच का रुजली? एक तर कोकण रेल्वेला तिची गरज होती. हा मार्ग कर्जरोख्यांच्या पैशावर उभा राहिला होता आणि १९९८ मध्ये तो पूर्ण झाला तेव्हा व्याजाचा बोजा मोठा, मालवाहतूक मात्र अपेक्षेहून कमी होती. किनाऱ्यालगत खाणी व कारखाने थोडे. माल होता तो समांतर महामार्गावरून मालमोटारींतून जात होता. तेव्हा त्या मालमोटारींनाच ग्राहक मानण्याचा व्यवहारी निर्णय झाला. दुसरे म्हणजे मालमोटारवाल्यालाही गाडी हवी होती. कशेडी, परशुराम यांसारखे घाट, मुसळधार पावसाळा आणि अरुंद रस्ता यांत डिझेल, टायर आणि माणूस तिन्ही झिजत. पुढे या महामार्गाच्या चौपदरीकरणाचे रेंगाळणे साऱ्या महाराष्ट्राने पाहिले आहे. आणि तिसरे कारण प्रशासकीय आहे. हा निर्णय घेणारी संस्था लहान होती, तिला स्वतःचे दर ठरविण्याची मोकळीक होती आणि मालमोटारवाल्याशी बोलणारा अधिकारी आणि गाडी सोडणारा अधिकारी एकाच छताखाली होते.

आपल्या देशात या पद्धतीचे एक विशेष औचित्य आहे. टीकाकार म्हणतात की रो-रोमध्ये मालाबरोबर मालमोटारीचे इंजिन, साटा आणि चाके यांचेही वजन वाहावे लागते. त्यापेक्षा केवळ कंटेनर उचलून नेणे शहाणपणाचे. हिशेब म्हणून हे बरोबर आहे. परंतु कंटेनरसाठी यारी हवी, आखीव टर्मिनल हवे, दोन्ही टोकांना ट्रेलर हवे आणि त्यांना पुरेल एवढा माल हवा. भारतातील मालमोटारींचा मोठा भाग एक ते पाच गाड्या असलेल्या छोट्या मालकांच्या हाती आहे. गाडी हीच त्यांची पुंजी, बहुधा कर्जाने घेतलेली. अशा माणसाला रेल्वेशी जोडून घ्यायचे असेल तर एक रॅम्प, काही सपाट वाघिणी आणि भरवशाचे वेळापत्रक एवढे पुरते. कंटेनर ही मोठ्या कंपनीची सोय असेल, तर रो-रो ही छोट्या मालकाची आहे.

इतरत्र रोप का कोमेजले?

कोकणाचे अनुकरण अनेकदा झाले. २०१६ च्या पावसाळ्यात आसामातून त्रिपुरात जाणारा महामार्ग चिखलाने बंद पडला, तेव्हा इंधनाचे टँकर गाडीवर चढवून त्रिपुराच्या सीमेपर्यंत नेण्यात आले. मार्च २०१७ मध्ये राजधानीला वळसा घालण्यासाठी गुरुग्रामजवळील गढी हरसरू ते उत्तर प्रदेशातील मुरादनगर अशी सेवा सुरू झाली. दिल्लीतून केवळ आरपार जाणाऱ्या मालमोटारींचा धूर शहराबाहेर ठेवणे हा हेतू होता. ऑगस्ट २०२० मध्ये बेंगळुरूजवळील नेलमंगल ते सोलापूरजवळील बाळे हा ६८२ किलोमीटरचा मार्ग आला. पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्गावर पालनपूर आणि रेवाडी यांच्या दरम्यान मालमोटारी, विशेषतः गुजरातेतील दुधाचे टँकर, गाडीवर बसून जाऊ लागले.

दिल्लीचा प्रयोग रुळला नाही, यात नवल नाही. अंतर फार थोडे होते. चढणे, बांधणे आणि उतरणे यांतच एवढा वेळ जाई की तेवढ्यात मालमोटार रस्त्याने पलीकडे पोहोचली असती. शिवाय २०१८ मध्ये शहराभोवतीचे परिघीय द्रुतगती मार्ग खुले झाले. पालनपूर-रेवाडीचे गणित वेगळे आहे. तेथील मार्ग केवळ मालगाड्यांसाठी बांधलेला आहे. कंटेनरवर कंटेनर रचून नेता यावा म्हणून विजेच्या तारा साडेसात मीटरहून उंच ताणल्या आहेत, त्यामुळे उंचीचा प्रश्न उरत नाही. प्रवासी गाड्यांना वाट देण्यासाठी बाजूला खोळंबावे लागत नसल्याने वेळ पाळता येते. आणि नाशवंत दुधाला वेळेची किंमत असते. या दोन प्रयोगांची तुलना केली तर नियम स्पष्ट दिसतो. अंतर पुरेसे लांब असावे, उंचीची अडचण नसावी आणि गाडी घड्याळावर सुटावी. यांपैकी एकही अट तुटली की मालमोटारवाला रस्त्याकडे वळतो.

मात्र या तिन्ही अटींच्या मुळाशी चौथी एक आहे, ती म्हणजे सांध्याची जबाबदारी. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत रेल्वे आणि राष्ट्रीय महामार्ग केंद्राच्या सूचीत आहेत, इतर रस्ते व वाहनांवरील कर राज्यांच्या सूचीत आणि यांत्रिक वाहने समवर्ती सूचीत. विभागणीला कारणे आहेत; परंतु महामार्गावरून मालधक्क्यावर आणि मालधक्क्यावरून वाघिणीवर जाणारा माल ही विभागणी ओळखत नाही. एका राज्यात परिवहनाचे काम पाहत असताना मालधक्क्याकडे जाणाऱ्या जेमतेम अर्ध्या किलोमीटर रस्त्याची फाईल माझ्याकडे आली होती. एका कार्यालयाच्या मते तो आपल्या हद्दीबाहेर होता, दुसऱ्याच्या यादीत त्याला क्रमांक नव्हता आणि तिसऱ्याकडे पैसे नव्हते. तिघांचीही टिपणे नियमाला धरून होती. पावसाळ्यात त्या अर्ध्या किलोमीटरवर मालमोटारी रुतत आणि पलीकडे वाघिणी रिकाम्या उभ्या राहत. कोट्यवधींचे लोहमार्ग आणि महामार्ग यांची उपयुक्तता अशा चिमूटभर जागेत अडकते.

मोटारीसह प्रवासी

प्रवाशांच्या बाबतीतही हाच अनुभव येतो. २०२५ च्या गणेशोत्सवात कोकण रेल्वेने खासगी मोटारी गाडीवर चढवून नेण्याची सेवा कोलाड-वेर्णा मार्गावर सुरू केली. एका फेरीत ४० मोटारी, एका मोटारीस ७,८७५ रुपये, प्रवास सुमारे बारा तासांचा. कल्पना उत्तम होती, प्रतिसाद मात्र अपेक्षेहून बराच कमी मिळाला. मुंबईकराला आधी शंभराहून अधिक किलोमीटर मोटार हाकत कोलाडला जावे लागे, म्हणजे गर्दीचा आणि त्रासाचा टप्पा त्याच्याच वाट्याला राहिला. सुटण्याच्या तीन तास आधी पोहोचणे आवश्यक होते आणि एका मोटारीमागे तिघांनाच सोबतच्या डब्यात जागा होती. सणाला गावी जाणारे कुटुंब तिघांचे क्वचितच असते. गोव्याऐवजी सिंधुदुर्गात उतरू इच्छिणाऱ्यांसाठी नांदगावचा थांबा मागाहून जोडला गेला. दोष कल्पनेचा नव्हता; मालमोटारीसाठी आखलेल्या सेवेवर कुटुंबाला बसविण्यात आले होते.

याउलट, कारखान्यातून निघणाऱ्या नव्या मोटारींचे उदाहरण पाहावे. दहा-बारा वर्षांपूर्वी त्यांतील दोन टक्केही रेल्वेने जात नसत. आज पाचातील एकीहून अधिक जातात. त्यासाठी २०१० मध्ये स्वतंत्र धोरण आखून खासगी संस्थांना वाघिणी बाळगण्याची मुभा दिली गेली, जुने प्रवासी डबे मोटारींसाठी बदलून घेतले गेले आणि पुढे काही कारखान्यांच्या आवारापर्यंत रूळ गेले. ग्राहक, वाघीण आणि टर्मिनल यांचा विचार एकत्र केला की बदल दशकभरात होतो.

काय करता येईल?

स्वित्झर्लंडचा दाखला येथे उपयोगी आहे. आल्प्समधून आरपार जाणारी मालवाहतूक रुळांवर आणावी, असा कौल तेथील मतदारांनी १९९४ मध्ये दिला. २००१ पासून जड वाहनांवर अंतर आणि वजन यांनुसार शुल्क बसले आणि त्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा रेल्वेच्या कामांकडे वळविला गेला. २०१६ मध्ये ५७ किलोमीटरचा गोथार्ड बोगदा खुला झाला. तेथे चालकासह मालमोटारी नेणाऱ्या गाड्यांची जागा हळूहळू केवळ ट्रेलर व कंटेनर नेणाऱ्या गाड्यांनी घेतली आहे. म्हणजे रो-रो हे अंतिम स्थानक नाही. छोट्या मालकाला रुळांकडे आणणारी पहिली पायरी म्हणून तिच्याकडे पाहावे. पुण्याच्या किर्लोस्कर न्यूमॅटिकने भारतात आणलेले, रस्त्यावर ट्रेलर आणि रुळांवर वाघीण होणारे ‘रोडरेलर’ हे वाहन अशाच पुढल्या पायऱ्यांपैकी एक.

आपल्याकडे आवश्यक त्या घोषणा झालेल्या आहेत. ऑक्टोबर २०२१ मध्ये गतिशक्ती आराखडा आला, सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरण. त्यांना जमिनीवर आणण्यासाठी चार गोष्टी मला निकडीच्या वाटतात. पहिली, कमी उंचीच्या सपाट वाघिणींचा प्रमाणित नमुना आणि त्यावर बसणाऱ्या मालमोटारींच्या मापांची जाहीर यादी, म्हणजे पुढच्या संकटात मोजपट्टी शोधावी लागणार नाही. दुसरी, नव्या प्रत्येक माल टर्मिनलवर रॅम्प आणि तेथपर्यंतच्या रस्त्याची लेखी मालकी. तिसरी, एकच पावती: माल दाराशी उचलल्यापासून दाराशी उतरेपर्यंत जबाबदारी एकाची, जशी कधीकाळी आउट एजन्सीच्या पावतीत होती. चौथी, ठरलेल्या वेळी सुटणारी गाडी, मग ती अर्धी रिकामी का असेना. पहिली काही वर्षे या रिकाम्या जागेचा खर्च सरकारने सोसावा. महामार्गाच्या प्रत्येक नव्या मार्गिकेवर आपण जे खर्च करतो, त्यापुढे तो किरकोळ आहे.

या साऱ्या हिशेबात एक माणूस नेहमी गळतो. मोटार वाहतूक कामगारांसाठी २०२५ पर्यंत १९६१ चा कायदा होता. दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास काम अशी मर्यादा त्यात होती. लांब पल्ल्याच्या चालकाला हे सांगितले तर तो हसेल. २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली. त्यांतील किती मृत्यूंमागे सुकाणूवर लागलेली डुलकी होती, हे पोलिसांच्या नोंदीत उमटत नाही. वाघिणीवर चढलेल्या मालमोटारीचा चालक त्या रात्री झोपू शकतो आणि तरीही त्याचा माल पुढे सरकत राहतो. भाडे, डिझेल आणि कार्बन यांच्या बचतीचे कोष्टक मांडताना या झोपेचाही रकाना असावा, आणि तिच्यासाठी गाडीला स्वच्छतागृह असलेला एक साधा डबा जोडलेला असावा. सरकारला या सेवेचे मोल ठरवायचे असेल, तर सुरुवात तेथून करावी.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत. अनुवादित लेख.)